टेम्पोच्या पॉवर स्टीअरिंगला कोणतं ऑइल चालेल? – प्रकल्प नोंदी

गाडी : दहा वर्षं वापरातला डिझेल टेम्पो. इंजिनावर फिरणारा व्हेन पंप (आत फिरत्या पट्ट्या असलेला), बॉल-नट पद्धतीचा स्टीअरिंग बॉक्स, वर प्लास्टिकची ऑइल टाकी.
काम : निफाड तालुक्यातल्या बागांमधून द्राक्षांचे क्रेट पिंपळगाव बसवंत, नाशिक आणि हंगामात वाशी मार्केटपर्यंत.
हेतू : जानेवारीत माल सुरू व्हायच्या आत ठरवायचं की स्टीअरिंगला कोणतं ऑइल ठेवायचं, आणि ते मिळालं नाही तर अडीनडीला काय चालेल.

२ डिसेंबर

पहाटे गाडी काढली की स्टीअरिंग जड आणि केबिनखालून घरघर. बागेच्या बांधावरून वळवताना तर पंप रडतोच. हायवेला लागून ओझरच्या पुढे गेलं की आवाज हळूहळू गायब. ड्रायव्हरचं म्हणणं, "भाऊ, दुपारी गाडी एकदम मऊ चालते. रोग सकाळचाच आहे."

टाकीचं झाकण उघडलं. झाकणालाच पट्टी आहे, तिच्यावर ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. रंग ना लाल ना पिवळा, मधलाच काहीतरी गढूळ तांबूस. ड्रायव्हरला विचारलं तेव्हा कळलं की दिवाळीच्या सुमारास ऑइल कमी झालं होतं, गावातल्या दुकानात लाल ऑइल नव्हतं, म्हणून त्याने शेडमधल्या ड्रममधलं ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ओतलं. "ट्रॅक्टरला चालतं तर टेम्पोला का नाही?"

त्याला बोल लावायचं कारण नाही. पंप कोरडा पळाला असता तर आतल्या पट्ट्या आणि रिंग खरवडली जाऊन नवा पंप घ्यावा लागला असता. कोरड्यापेक्षा कुठलंही खनिज तेल बरं. पण त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि गॅरेजच्या मिस्त्रींकडेही नव्हतं. ते म्हणाले, "लाल टाका, लालच टाकतात." रंग हे काही उत्तर नव्हे.

तर कामं दोन. ऑइल जातंय कुठे, आणि काय भरायचं.

४ डिसेंबर

गाडीसोबत आलेलं पुस्तक सापडलं, पत्र्याच्या पेटीत विम्याच्या कागदांखाली. स्टीअरिंगच्या पानावर 'पॉवर स्टीअरिंग ऑइल' असा शब्दच नाही. तिथे लिहिलंय एटीएफ, टाइप ए सफिक्स ए किंवा डेक्सरॉन दोन. म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. आमच्या टेम्पोला गिअर हातानेच टाकावे लागतात, तरी कंपनीने स्टीअरिंगला तेच सांगितलंय.

यामागे इतिहास आहे. ही नावं जनरल मोटर्सची. टाइप ए १९४९ सालचं, त्याची सुधारलेली सफिक्स ए आवृत्ती १९५७ ची. पुढे डेक्सरॉन आलं, त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या, १९९३ मध्ये तिसरी आणि २००५ मध्ये सहावी. तेल पातळ, थंडीत न गोठणारं, फेस न धरणारं, पंपाची झीज रोखणारं आणि रबरी सीलला न खाणारं. स्टीअरिंगच्या पंपाला नेमकं हेच लागतं. म्हणून जगभरच्या कारखान्यांनी स्टीअरिंगसाठी वेगळं तेल काढण्याऐवजी हेच वापरलं. गिअरबॉक्समधल्या क्लचप्लेटसाठी त्यात जी द्रव्यं असतात त्यांचा स्टीअरिंगला उपयोग नाही, तसा उपद्रवही नाही.

पिंपळगावच्या दुकानात दोन बाटल्या शेजारी शेजारी मिळाल्या. एकीवर मोठ्या अक्षरात 'पॉवर स्टीअरिंग ऑइल', मागे पुढे कुठेही स्पेसिफिकेशन नाही. दुसरीवर 'एटीएफ, डेक्सरॉन तीनच्या गरजा पूर्ण करते'. दुकानदार शेठ पहिलीच पुढे करत होते, "सगळे हीच नेतात." मी दुसरी घेतली. 'गरजा पूर्ण करते' ही भाषा थोडी सावध आहे खरी. जनरल मोटर्सने तिसऱ्या आवृत्तीचे परवाने देणं २००६ च्या अखेरीस बंद केलं, त्यामुळे आता त्या नावाने जे विकलं जातं ते बनवणाऱ्याच्या शब्दावरच. तरी ज्याने निदान शब्द दिलाय त्याची बाटली घ्यावी. ज्याने काहीच लिहिलं नाही त्याच्याशी भांडताही येत नाही.

म्हणजे मिस्त्रींचं ते 'लाल' हेच एटीएफ, आणि तेच मूळ तेल निघालं. पर्याय ड्रममध्ये आहे, आणि तो कसा आहे ते बघायचंय.

५ डिसेंबर

शेडमध्ये आणि जवळपास जी जी तेलं आहेत त्यांच्या डब्यांवरचे आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांतले आकडे वहीत काढले. आकडा एकच महत्त्वाचा, दाटपणा. तो सेंटीस्टोकमध्ये देतात, एकदा ४० अंशांना आणि एकदा १०० अंशांना.

ड्रममधल्या हायड्रॉलिक ६८ मधला ६८ हा आकडा म्हणजे ४० अंशांचा दाटपणाच, दहा टक्के इकडे तिकडे. ३२ आणि ४६ चंही तसंच. एटीएफ ४० अंशांना साधारण ३४, म्हणजे हायड्रॉलिक ३२ च्या अगदी शेजारी. १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइल शंभराच्या पुढे. ट्रॅक्टरचं गिअर-हायड्रॉलिकचं एकत्र ऑइल (यूटीटीओ म्हणतात ते) ६८ च्या आसपास, ब्रँडप्रमाणे खालीवर.

आता गंमत इथे आहे. १०० अंशांना एटीएफ ७ च्या थोडं वर, आणि ६८ नंबर साडेआठ-पावणेनऊ. जवळपास सारखेच! गाडी गरम झाल्यावर ड्रायव्हरला फरक का जाणवत नाही ते इथेच कळतं. पण हेच गणित थंडीकडे नेलं तर? दोन तापमानांचे आकडे माहीत असले की तिसऱ्या तापमानाचा दाटपणा सूत्राने काढता येतो. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याने मोबाइलवर काढून दिला. ५ अंशांना एटीएफ अंदाजे १६५, हायड्रॉलिक ६८ अंदाजे ६८०, इंजिन ऑइल साडेआठशेच्या घरात.

४० अंशांना दुप्पट असलेला फरक ५ अंशांना चौपट होतो. आणि निफाडात ५ अंश ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, तो आमच्याच शिवारातला. लोक घड वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात. त्याच वेळी टेम्पो बाहेर उघड्यावर उभा असतो.

ट्रॅक्टर मात्र त्या वेळी शेडमध्ये, आणि सकाळी नऊनंतर बाहेर पडणारा. शिवाय त्याचा पंप, गाळणी, पाइपांची जाडी सगळं त्या दाट तेलाच्या हिशोबाने केलेलं. ड्रायव्हरला हे सांगितलं. त्याला आकडे पटले नाहीत. म्हणाला, "दाखवा."

६ डिसेंबर

दाखवलं. फवारणीच्या औषधाच्या नव्हे (ते डबे कशालाच परत वापरू नयेत), तर टॉनिकच्या एकसारख्या काचेच्या बाटल्या धुऊन, वाळवून घेतल्या. एकीत एटीएफ, एकीत ६८ नंबर, एकीत इंजिन ऑइल, आणि एकीत टेम्पोच्या टाकीतून सिरिंजने काढलेलं गढूळ मिश्रण. प्रत्येकीत वर बोटभर हवा ठेवून बूच घट्ट. रात्रभर द्राक्षाच्या मांडवाच्या तारेला बांधून ठेवल्या. पहाटे बागेतल्या थर्मामीटरवर ६ अंश.

बाटल्या एकदम उलट्या करायच्या आणि हवेचा बुडबुडा तळातून वर यायला किती वेळ घेतो ते बघायचं. रंगांच्या कारखान्यांत वार्निशचा दाटपणा याच पद्धतीने मोजत असत. एटीएफचा बुडबुडा उलटं करताच वर. ६८ चा जरा दमाने, बाजूने गोल फिरत, कडेला चिकटत. इंजिन ऑइलचा तर आधी लांबट होतो, मधे थांबल्यासारखा वाटतो आणि मग सावकाश वर सरकतो. टाकीतलं मिश्रण एटीएफ आणि ६८ च्या मधोमध, पण त्यात एक वेगळी गोष्ट दिसली. मोठा बुडबुडा वर गेल्यानंतरही मोहरीएवढे बारीक बुडबुडे बराच वेळ तेलात लटकून राहिले. बाकीच्या कुठल्याही बाटलीत ते नव्हते.

ड्रायव्हरने ती बाटली उन्हाकडे धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "हे पंपात गेलं तर रडणारच की." बरोबर आहे. घरघर त्याचीच. दाट तेल थंडीत पंपाच्या तोंडापाशी वेळेवर पोहोचत नाही, तिथे पोकळी तयार होते, पोकळीतले बुडबुडे दाबाखाली फुटतात आणि पंपाची रिंग टोचली जाते. आवाज म्हणजे नुसता आवाज नाही, झीज चालू आहे.

पण तेल नुसतं दाट नाहीये, त्यात हवाही मिसळलीय. ती कुठून येते ते शोधायला हवं. गळती आणि हवा बहुधा एकाच घरच्या.

८ डिसेंबर

शेजारच्या वस्तीवरचे एक काका बघायला आले. बाटल्यांची बातमी पोहोचली होती. त्यांचा सल्ला : "अरे एवढं काय, ब्रेक ऑइल टाक. तेही पातळ असतं, थंडीत गोठत नाही, सगळीकडे मिळतं." दाटपणाच्या आकड्यावर गेलं तर त्यांचं म्हणणं चूक नाही. म्हणूनच ही नोंद जरा सविस्तर, कारण या सल्ल्याने गाड्या मेलेल्या मिस्त्रींनी पाहिल्या आहेत.

ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, हे तेलच नव्हे. खनिज तेलाशी त्याचं नातं नाही, ते ग्लायकॉलच्या जातीचं रसायन आहे. पाण्यात मिसळतं, हवेतली ओल शोषतं, रंगाला लागलं तर रंग सोडवतं. ब्रेकच्या सिलिंडरमधले रबर म्हणूनच ईपीडीएम जातीचे असतात. स्टीअरिंगचे सील मात्र नायट्राइल रबराचे, खनिज तेलात टिकणारे. दोन्ही रबरं बरोबर एकमेकांच्या उलट. नायट्राइलला ब्रेक ऑइल फुगवतं आणि मऊ करतं, ईपीडीएमला खनिज तेल फुगवतं.

मिस्त्रींच्या डब्यातून जुन्या ब्रेक किटमधलं नवंच राहिलेलं एक रबर आणि नायट्राइलच्या दोन सारख्या ओ-रिंग आणल्या. रबर एटीएफमध्ये टाकलं, एक ओ-रिंग ब्रेक ऑइलमध्ये, एक एटीएफमध्ये. वाट्या शेडच्या खिडकीत, वर झाकण.

१२ डिसेंबर

ब्रेकचं रबर एटीएफमध्ये टम्म फुगलंय. मूळ सिलिंडरमध्ये बसवायला गेलो तर तोंडातच अडकलं. ब्रेक ऑइलमधली ओ-रिंग व्हर्नियरने मोजली, जाडी वाढलीय आणि नखाने दाबलं तर खूण राहते. एटीएफमधली जशीच्या तशी.

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मग माझ्या जीपला तू सांगतोस ते लाल टाकतो." म्हटलं, आधी जीपचं पुस्तक बघा. काही गाड्यांना त्यांच्याच कंपनीचं वेगळं ऑइल लागतं, काही युरोपी गाड्यांत हिरवं सिंथेटिक असतं, त्यात लाल मिसळायचं नसतं. आणि नव्या बऱ्याच कारना तर स्टीअरिंग मोटरवर चालतं, ऑइलच नसतं. त्या गाडीत ऑइलची टाकी शोधत बसलेला माणूस मी स्वतः पाहिलाय, पण नाव सांगणार नाही.

१४ डिसेंबर

गळती. गाडी धुऊन, पुसून, पाइपांवर आणि बॉक्सवर टाल्कम पावडर मारली. इंजिन चालू, ड्रायव्हर स्टीअरिंगवर, मी खाली पाटावर. डावीकडे शेवटपर्यंत वळवून क्षणभर दाब धरला की पंपाकडून बॉक्सकडे जाणाऱ्या प्रेशर होजच्या टोकाला, जिथे रबर लोखंडी टोपीत दाबून बसवलेलं असतं तिथे, पावडर ओली. थेंब पडत नाही, ओघळ पाइपावरून पसरतो आणि धूळ धरतो. म्हणून जमिनीवर डाग कधी दिसलाच नाही.

स्टीअरिंग शेवटाला धरून ठेवायचं ते पाच सेकंदांच्या वर नाही. त्या वेळी पंपाचा पूर्ण दाब सुटकेच्या व्हॉल्व्हमधून परत फिरतो आणि तेल भराभर तापतं. मार्केटमध्ये गाळ्याला गाडी लावताना भरलेल्या गाडीचं चाक जागेवर पिळायची आमच्या ड्रायव्हरची सवय याच्यात मोडते. सांगून ठेवलंय.

प्रेशर होजमधून तेल बाहेर जातं, पण हवा आत येत नाही, तिथे कायम दाब असतो. हवा येते ती टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या साध्या पाइपातून, कारण तिथे पंप ओढतो. तो पाइप हाताने पिळून बघितला तर क्लिपपाशी बारीक चिरा. बाहेरून तेल येत नाही इतक्या बारीक, पण हवेला पुरेशा. म्हणजे दोन पाइप गेलेत.

१८ डिसेंबर

ओढणारा पाइप सोपा. तेलाला चालणारा, आतून नायट्राइलचा, त्याच मापाचा घेतला. पाण्याचा रेडिएटर पाइप दिसायला तसाच आणि स्वस्त असतो, पण तो बहुधा ईपीडीएमचा. वाटीतलं फुगलेलं रबर आठवून हात मागे घेतला.

प्रेशर होज मात्र कंपनीचा मिळेना. आडगाव नाक्यापर्यंत विचारून झालं, "आठ-पंधरा दिवसांनी येईल." म्हणून अंबडच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक होज बनवून देणाऱ्याकडे गेलो. जुन्या होजची दोन्ही टोकं कापून त्यांनी नव्या होजवर तशीच क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून दिली. बॉक्सच्या पट्टीवर कमाल दाब १०० बार लिहिलाय. अर्ध्या इंचाचा, तारेच्या एका जाळीचा होज १६० बारचा, दोन जाळ्यांचा २७५ चा. दोन जाळ्यांचा घेतला. दाबाची काळजी मिटली, पण दोन गोष्टी तिथल्या पोराने आपणहून सांगितल्या, त्या लिहून ठेवतो.

एक, हा साधा हायड्रॉलिक होज तापमानात १०० अंशांपर्यंतचा. मूळ स्टीअरिंग होज त्याहून जास्त उष्णतेला केलेला असतो. तेव्हा सायलेन्सरच्या पाइपापासून लांबून न्यायचा आणि मधे पत्र्याची आड लावायची. दोन, मूळ होज दाबाखाली थोडा फुगेल असाच बनवतात, म्हणजे पंपाचे ठोके त्यात जिरतात. हा ताठ आहे, फुगत नाही, त्यामुळे बारीक गुणगुण स्टीअरिंगच्या चाकात जाणवेल, घाबरू नका. अशी माहिती देणारा दुकानदार विरळा.

२० डिसेंबर

आज उपसा. मिस्त्री आणि मी, सकाळपासून.

पुढचा ॲक्सल जॅकने उचलून घोड्यांवर ठेवला. टाकीतलं जेवढं निघेल तेवढं सिरिंजने काढलं. टाकीकडे परत येणारा पाइप सोडून कॅनमध्ये, टाकीचं ते तोंड बुचाने बंद. इंजिन बंद ठेवूनच स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवत राहायचं. बॉक्समधला पिस्टनच जुनं तेल बाहेर ढकलतो. इंजिन चालू करून हे झटपट होतं आणि बरेच गॅरेजवाले तसंच करतात, पण टाकी एका मिनिटात रिकामी होते आणि लक्ष चुकलं की पंप कोरडा. चाकं अधांतरी असली की हाताला त्रास नाही.

आधी गढूळ तांबूस आलं, मग काळसर एक लोट आला (तो बॉक्सच्या तळातला असणार), मग रंग उजळत गेला. वरून नवं एटीएफ ओततच होतो. सगळ्या यंत्रणेत साधारण २ लिटर बसतं, उपसायला त्याच्या दुपटीहून जास्त गेलं. लिटरमागे ६८ नंबरच्या जवळपास दुप्पट किंमत आहे, तेव्हा हे खर्चाचं काम. पण अर्धं ६८ आत ठेवून वर एटीएफ भरण्यात काही अर्थ नव्हता. दोन्ही खनिज तेलं, मिसळतात, भांडत नाहीत. पण दाटपणा मधलाच राहतो आणि पहाटेचा त्रासही निम्मा राहतो.

टाकीच्या तळाशी जाळी आहे हे मिस्त्रींनाही माहीत नव्हतं. काढली तर तिच्यावर चॉकलेटी चिकट थर आणि त्यात चमकणारे कण. डिझेलमध्ये धुऊन, हवा मारून परत लावली. तेवढ्यात मिस्त्रींनी होजच्या बॅन्जो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून तेल जातं त्या बोल्टचे) जुने तांब्याचे वायसर पक्कडीत धरून गॅसच्या बर्नरवर लालबुंद केले आणि पाण्यात टाकले. दाबून दाबून कडक झालेलं तांबं तापवल्यावर पुन्हा मऊ होतं आणि नीट बसतं. नवे वायसर खिशात होते, तरी त्यांनी ते मागितले नाहीत. एवढं सुंदर काम बघितल्यावर मीही दिले नाहीत.

भरून झाल्यावर पुन्हा इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग फिरवणं, टाकीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग चाकं खाली, इंजिन चालू, पुन्हा सावकाश डावीकडे-उजवीकडे, पातळी बघून झाकण. पहिल्यांदा तेल गुलाबी दुधासारखं दिसलं, म्हणजे हवा होती. तासभर उभं ठेवल्यावर स्वच्छ लाल झालं.

निघालेलं जुनं तेल वेगळ्या कॅनमध्ये बंद. शेजारच्यांनी लगेच मागितलं, रात्रीच्या शेकोटीत ओतायला. दिलं नाही. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे धोकादायक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवं. आणि नियम बाजूला ठेवला तरी त्याची काजळी घडांवर बसलेली कोणता व्यापारी घेणार आहे?

२१ डिसेंबर

पहाटे पारा ७ वर. स्टीअरिंग हलकं. घरघर नाही. चाकात बारीक गुणगुण आहे, त्या पोराने सांगितली होती तशी. ड्रायव्हर म्हणाला, "मोबाइल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखं वाटतं." चालेल.

१७ जानेवारी

पहिला माल वाशीला गेला. मी सोबत गेलो, मुद्दाम. इगतपुरीच्या पुढे कसारा घाट उतरून भिवंडीमार्गे. परत येताना रिकामी गाडी, पण वळणांवर स्टीअरिंगचं काम चालूच.

पुतण्याची तापमान मोजायची बंदूक घेतली होती. चकाकत्या लोखंडी पाइपावर मारली की ती आकडा खोटाच कमी दाखवते, म्हणून टाकीच्या काळ्या झाकणावर आणि होजच्या रबरावर मारत गेलो. वाशीच्या मार्केटात गाळ्याला गाडी लागेपर्यंत टाकी ७० च्या पुढे सरकली नाही. सायलेन्सरजवळचा होजचा भाग पत्र्याच्या आडोशामुळे १०० च्या बराच खाली. पातळी जिथली तिथे. होज कोरडा.

एक गोष्ट लक्षात आली. सर्वांत जास्त तापमान घाटात नव्हे, मार्केटच्या आवारात गाडी मागेपुढे करताना दिसलं. घाटात वळणं आहेत, पण गाडी चालती असते, वाराही लागतो. आवारात इंजिन मंद, गाडी भरलेली आणि चाक जागेवर पिळलेलं.

१९ जानेवारी

ड्रायव्हरच्या सीटमागे चिकटवायचा कागद केला. त्याच्याच भाषेत :

ऑइल कमी दिसलं तर सीटखालचा एटीएफचा डबा. तो संपला असेल तर कुठल्याही पेट्रोल पंपावर किंवा दुकानात 'एटीएफ, डेक्सरॉन' म्हणून मागायचं. नुसतं 'स्टीअरिंग ऑइल' म्हणायचं नाही.

ते नाही मिळालं तर हायड्रॉलिक ३२. ४६ सुद्धा चालेल. घरी आल्यावर सांगायचं.

तेही नाही तर शेडमधलं ६८, फक्त गाडी घरी आणण्यापुरतं. थंडीत पहाटे इंजिन चालू करून दोन मिनिटं थांबायचं आणि मगच स्टीअरिंग फिरवायचं.

काहीच नाही आणि आडरानात अडकलो तर इंजिन ऑइल, गॅरेज गाठेपर्यंत.

ब्रेक ऑइल, क्लच ऑइल (ते ब्रेक ऑइलच असतं), कूलंट, पाणी, खायचं तेल : कधीच नाही. ऑइल सगळं संपलं तरी स्टीअरिंग सुटत नाही, फक्त जड होतं. सावकाश बाजूला घ्यायचं, इंजिन बंद करायचं, फोन करायचा.

खायच्या तेलाची ओळ ड्रायव्हरनेच घालायला लावली. ट्रकवाल्यांच्या धाब्यावर कुणीतरी ते सांगितलं होतं म्हणे. गरम पंपात ते चिकट राळ होऊन बसेल.

२ फेब्रुवारी

ट्रॅक्टरचं ऑइल बदलायचं होतं. ड्रायव्हरने विचारलं, टेम्पोचं उरलेलं एटीएफ ट्रॅक्टरला घालू का, महाग आहे म्हणजे चांगलंच असेल. नाही. त्याच्या गिअरला आणि तेलात बुडालेल्या ब्रेकना जाड थर धरणारं तेल लागतं, तिथे पातळ एटीएफने गिअर झिजतील आणि ब्रेक किंचाळतील. तिथे यूटीटीओच.

२४ फेब्रुवारी

हंगाम ऐन भरात. टेम्पोची पातळी पंधरवड्यात केसभर उतरलीय. होज कोरडा, ओढणारा पाइप कोरडा. स्टीअरिंग बॉक्सच्या खालच्या शाफ्टपाशी, जिथून ड्रॉप आर्म (चाकांकडे जोर नेणारा दांडा) निघतो, तिथे ओल आहे. थेंब नाही, नुसता घाम. मिस्त्री म्हणतात, आधीचं दाट मिश्रण तिथून झिरपत नव्हतं, पातळ लाल आलं तसं दिसायला लागलं. दुकानात 'लीक बंद करणारं' म्हणून बाटली मिळते. ती रबर मुद्दाम थोडं फुगवते. म्हातारं, आक्रसलेलं सील असेल तर काही दिवस निभावतं, पण आमच्या शाफ्टवर सीलने चरा पाडला असेल तर त्याने काही होणार नाही, आणि बाकीची चांगली सीलं उगाच फुगतील. बाटली घेतली नाही.

सील किट सांगून ठेवलंय. माल संपला की एप्रिलअखेर बॉक्स उतरवायचा, शाफ्ट नखाने तपासायचा. चरा असेल तर लेथवाल्याकडे स्लीव्ह बसवून घ्यायची, नसेल तर नुसतं सील. तोवर दर सोमवारी पट्टी बघून वहीत लिहायचं काम ड्रायव्हरकडे.